दोन निकाल, एकच दुखणे

२०२५ च्या जुलैअखेरीस दहा दिवसांच्या अंतराने दोन निकाल आले. २१ जुलैला मुंबई उच्च न्यायालयाने २००६ च्या लोकल गाड्यांतील बाँबस्फोटांच्या खटल्यात शिक्षा झालेल्या बाराही जणांना निर्दोष ठरवले. ३१ जुलैला मुंबईतल्या विशेष न्यायालयाने २००८ च्या मालेगाव स्फोटातील सातही आरोपींना निर्दोष सोडले. पहिल्या खटल्यातले आरोपी मुसलमान, दुसऱ्यातले हिंदू. पहिल्या निकालाच्या दिवशी आपल्याकडे कितीतरी घरांत शुक्राच्या दोन रकात पढल्या गेल्या. दुसऱ्या निकालाच्या दिवशी तीच घरे गप्प झाली. दुसऱ्या वस्त्यांत याच्या बरोबर उलटे घडले असणार.

नंतर घरोघर वाद झाले ते न्यायालयांवरून. आम्ही मात्र दोन्ही निकालांची वृत्ते शेजारी शेजारी ठेवून वाचली, आणि पुन्हा पुन्हा एकाच माणसापाशी येऊन थांबलो. तो माणूस म्हणजे तपास अधिकारी. पंचनामा नीट नाही, वस्तू नीट सीलबंद नाहीत, साक्षीदार उशिरा पुढे आले, काही साक्षीदार फिरले. दोन्ही निकालांत दुखणे एकच दिसते. लोकलमध्ये १८० हून अधिक माणसे गेली, मालेगावच्या भिकू चौकात ६ गेली. त्यांना कोणी मारले, या प्रश्नाला न्यायालयात टिकलेले उत्तर त्यांच्या घरच्यांपाशी नाही. लोकलच्या निकालाविरुद्ध राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. २४ जुलैला त्या न्यायालयाने हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरू नये असे सांगितले, पण सुटलेल्यांना परत तुरुंगात पाठवले नाही. त्या खटल्याचा अखेरचा शब्द काय असेल यावर आम्ही बोलणार नाही. बोलायचे आहे ते तपासाविषयी, कारण आपल्या समाजात त्याची चर्चा फक्त शिव्याशापांच्या भाषेत होते. तो होतो कसा, अडतो कुठे, हे फार थोड्या घरांना माहीत असते.

गुप्तहेर म्हटले की आमच्या पिढीला इब्ने सफी आठवतात. १९५२ साली सुरू झालेल्या ‘जासूसी दुनिया’तले कर्नल फरीदी आणि कॅप्टन हमीद आमच्या घरी वडीलधारी मंडळी उर्दूतून वाचत, आणि आम्ही मुले मराठीतून बाबूराव अर्नाळकरांचा झुंजार वाचत असू. आताच्या मुलांना ‘सीआयडी’ मालिकेतली प्रयोगशाळा ठाऊक आहे. तिथे डॉक्टर साळुंके नमुना हातात घेतात आणि जाहिरातीनंतर निष्कर्ष तयार असतो. फरीदीला कधी मंत्र्याच्या दौऱ्याचा बंदोबस्त लागला नाही, आणि साळुंकेंच्या टेबलावर मागच्या वर्षीचे खोके कधी पडून राहिले नाहीत.

खऱ्या ठाण्यातला तपास अधिकारी म्हणजे बहुधा एखादा फौजदार किंवा सहायक निरीक्षक. त्याच्या नावावर एका वेळी कितीतरी गुन्हे असतात. घरफोडी, मारामारी, अपघाती मृत्यू, घरातून निघून गेलेली मुलगी, बँकेच्या नावाने फोन करून लुबाडलेला म्हातारा, सगळे त्याच्याच टेबलावर. मदतीला एक रायटर हवालदार. त्यात गणेशोत्सव येतो, मुहर्रम येतो, ईदचा जुलूस येतो, निवडणूक येते, आणि तपासाची फाईल बंद करून त्याला चौकात उभे राहावे लागते. २०१९ साली देशभरच्या पोलिसांची एक मोठी पाहणी प्रसिद्ध झाली. कॉमन कॉज ही संस्था आणि लोकनीती-सीएसडीएस यांनी ती केली होती. तिच्यात पोलिसांचा कामाचा सरासरी दिवस चौदा तासांचा निघाला. चौदा तास उभ्या राहिलेल्या माणसाने रात्री बसून मोबाइलच्या हजारो नोंदी तपासाव्यात आणि त्यातून एक खरा धागा काढावा, अशी आपली अपेक्षा असते.

सर्वोच्च न्यायालयाने प्रकाश सिंह खटल्यात २२ सप्टेंबर २००६ रोजी सांगितले होते की तपास करणारे पोलीस वेगळे ठेवा आणि बंदोबस्त करणारे वेगळे ठेवा. मालेगावच्या बड्या कब्रस्तानातला स्फोट त्याच महिन्यात, ८ तारखेला झाला होता. तेव्हापासून कागदावर बरेच काही झाले. ठाण्यात जाऊन पाहाल तर बहुतेक ठिकाणी तोच फौजदार दोन्ही कामे करताना दिसेल.

गुन्ह्याचा पुरावा दुधासारखा असतो, पहिल्या काही तासांत सांभाळला नाही तर नासतो. २००८ च्या मालेगाव खटल्याच्या निकालात न्यायाधीशांनी हेच नोंदवले. घटनास्थळाचा नकाशा काढला नव्हता, बोटांचे ठसे घेतले नव्हते, त्या वेळी त्या भागात कोणते मोबाइल चालू होते याचा डंप डेटा घेतला नव्हता, आणि जे नमुने गोळा झाले ते शुद्ध राहिले नव्हते. ज्या मोटारसायकलवर सारा खटला उभा होता ती कोणाची होती, हेही शंकेपलीकडे सिद्ध झाले नाही. हा दोष पोलिसांचा, यात वाद नाही. पण त्या रात्री भिकू चौकात काय झाले होते हेही आठवावे. रमजानचा महिना, रस्त्यावर गर्दी, स्फोट, रक्त, मग संतापलेला जमाव आणि दगडफेक. संताप समजण्यासारखा होता, दोन वर्षांपूर्वीची जखम ओली होती. तरीही ज्या मातीत खुन्याची खूण पडली होती, ती माती आपल्याच पायांनी तुडवली गेली. जखमीला उचलणे हे फर्ज आहे. त्यानंतर मात्र जागा मोकळी ठेवून तिच्याभोवती चार तरुणांनी हात धरून उभे राहावे, एवढे जरी आपण मोहल्ल्यात शिकवू शकलो तरी पुष्कळ होईल.

पंच ही दुसरी अडचण. झडती घ्यायची, वस्तू जप्त करायची, तर कायदा म्हणतो की त्याच परिसरातली दोन प्रतिष्ठित, निःपक्ष माणसे हजर हवीत. पोलीस गल्लीत पंच शोधायला निघाले की पटापट दारे लागतात. याची कारणे आम्हाला ठाऊक आहेत. कोर्टाची तारीख पाच वर्षांनी येते, तेव्हा दिवसाची मजुरी बुडते, आरोपीची माणसे नाक्यावर उभी असतात, वकील उलटतपासणीत कपडे उतरवतो. मग पोलीस काय करतात? नेहमीचे पंच धरून आणतात. ठाण्यासमोरचा चहावाला, पानटपरीवाला, एखादा रिक्षावाला. एकच नाव निरनिराळ्या गुन्ह्यांत पंच म्हणून येते आणि बचावाचा वकील तो पंचनामा दोन प्रश्नांत फाडून टाकतो. राज्य सरकारने गंभीर गुन्ह्यांत सरकारी नोकरांना पंच म्हणून घ्यायला सांगितले त्यामागचे कारण हेच. साक्षीदारांची स्थितीही वेगळी नाही. मालेगावच्या २००८ च्या खटल्यात सरकार पक्षाने ३२३ साक्षीदार तपासले, त्यांपैकी तीसहून अधिक फितूर झाले. दर वेळी पैसा किंवा धमकीच कारण असते असे नाही. सतरा वर्षांनी माणसाला स्वतःचा जबाबही आठवत नाही.

कुरआनात सूरह बकराच्या कर्जाच्या व्यवहाराविषयीच्या दीर्घ आयतीत दोन गोष्टी जोडून आल्या आहेत. साक्षीदाराला बोलावले तर त्याने नकार देऊ नये, आणि साक्षीदाराला त्रास दिला जाऊ नये. आपल्या बयानांत पहिली गोष्ट कधी तरी ऐकू येते. दुसरी सरकारला ऐकवायची आहे. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने साक्षीदार संरक्षण योजना साऱ्या देशाला लागू केली, त्याआधी महाराष्ट्राने आपला कायदा केलेला होता. पण संरक्षण मागायचे कुठे हे साक्षीदाराला कोणी सांगत नाही, आणि बहुतेकांना अशी काही सोय आहे याचीच खबर नसते.

मग प्रयोगशाळा. आपल्या राज्यात न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेचे मुख्यालय मुंबईत कलिना येथे आहे आणि नागपूर, पुणे, नाशिक, अमरावती, छत्रपती संभाजीनगर अशा शहरांत तिच्या शाखा आहेत. विषाचा संशय असलेला व्हिसेरा, रक्ताचे कपडे, सुरा, काडतूस, मोबाइल, सारे तिथे जाते आणि रांगेत बसते. ज्या घरात सुनेचा संशयास्पद मृत्यू झाला आहे, तिथे ‘व्हिसेराचा रिपोर्ट आला नाही’ हे वाक्य महिनोन्‌महिने ऐकावे लागते. दरम्यान दोषारोपपत्राची मुदत संपत येते. गुन्ह्याच्या गांभीर्यानुसार ६० किंवा ९० दिवसांत ते दाखल झाले नाही तर आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो. ही तरतूद आरोपीच्या स्वातंत्र्यासाठी आहे आणि ती असायलाच हवी. पण रिपोर्ट नसताना घाईत लिहिलेले दोषारोपपत्र पुढे खटल्यात पांगळे ठरते.

येथे थोडे विषयांतर करतो, कारण ही गोष्ट आपल्या मुलांना शाळेत कोणी सांगत नाही. बोटांच्या ठशांवरून गुन्हेगार ओळखण्याचे जगातले पहिले कार्यालय १८९७ साली कलकत्त्यात सुरू झाले. जगभर ही पद्धत बंगालचे पोलीस महानिरीक्षक एडवर्ड हेन्री यांच्या नावाने चालली. लाखो ठशांतून एक ठसा काही मिनिटांत सापडावा यासाठी ते १०२४ खणांत मांडण्याचे गणित बसवले ते खुलना जिल्ह्यातल्या काझी अझीझुल हक या फौजदाराने. त्यांच्यासोबत हेमचंद्र बोस होते. अझीझुल हक कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात गणित शिकलेले. पुढे सरकारने त्यांना खान बहादुर ही पदवी आणि पाच हजार रुपये दिले. निवृत्तीनंतर ते बिहारात मोतीहारीला राहिले आणि तिथेच वारले. त्या सुरुवातीच्या काळात जलपाईगुडीच्या एका चहामळ्याच्या व्यवस्थापकाचा खून झाला. तिथे सापडलेल्या बंगाली पंचांगावर रक्ताळलेला ठसा होता, आणि तो एका जुन्या नोकराच्या ठशाशी जुळला. न्यायालयाने त्याला चोरीची शिक्षा दिली, खुनाची दिली नाही. त्याने खून केल्याचे पाहणारा कोणी नव्हता. ठसा एवढेच सांगत होता की हा माणूस तिथे होता, आणि न्यायालयाने त्याच्याकडून तेवढेच ऐकले. सव्वाशे वर्षांपूर्वीचा तो संयम आजही दुर्मीळ आहे.

हात अपुरे, वेळ अपुरा, पंच मिळत नाहीत, प्रयोगशाळा उत्तर देत नाही, आणि वरून दर तासाला फोन येतो, ‘कोणाला पकडले?’ अशा वेळी तपास अधिकाऱ्यापुढे एक जवळची वाट असते. माणूस उचलायचा आणि त्याच्या तोंडून वदवून घ्यायचे. इंग्रजांनी १८७२ साली पुराव्याचा कायदा केला तेव्हाच ही वाट बंद केली होती. पोलिसापुढे दिलेली कबुली पुरावा म्हणून चालत नाही, हे त्यांनी लिहून ठेवले, कारण त्यांना आपले पोलीस माहीत होते. पाकिस्तानने १९८४ साली त्या कायद्याच्या जागी ‘कानून-ए-शहादत’ आणला, पण ही तरतूद तिथेही तशीच ठेवली. आपल्याकडे नव्या साक्ष कायद्यातही ती आहे. मात्र मोक्कासारख्या खास कायद्यात ही वाट पुन्हा उघडली. १९९९ च्या त्या कायद्याने पोलीस अधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्यापुढची कबुली ग्राह्य ठरवली. लोकल स्फोटांचा खटला मोक्काखाली चालला.

त्या खटल्यात काय झाले ते नीट समजून घ्यावे. ११ जुलै २००६ च्या संध्याकाळी पश्चिम रेल्वेवर अकरा मिनिटांत सात स्फोट झाले. काही महिन्यांत तेरा जण पकडले गेले. २०१५ साली विशेष न्यायालयाने एकाला सोडले, पाच जणांना फाशी आणि सात जणांना जन्मठेप दिली. दहा वर्षांनी उच्च न्यायालयाने तीच कागदपत्रे उलगडली, तेव्हा निरनिराळ्या आरोपींच्या कबुल्यांत मजकूर सारखाच आढळला आणि त्या छळ करून घेतल्याचे न्यायालयाला वाटले. टॅक्सीचालक शंभराहून अधिक दिवस गप्प राहून मग ओळखायला आले होते. ओळख परेड ज्याने घेतली त्याला ती घेण्याचा अधिकार नव्हता. जप्त केलेल्या स्फोटक वस्तू नीट सीलबंद ठेवल्या नव्हत्या. बाँब नेमका कोणत्या प्रकारचा होता हेसुद्धा सरकार पक्षाला सिद्ध करता आले नाही. बारा जणांपैकी एक जण निकालापूर्वीच, २०२१ साली, तुरुंगात कोविडने वारला. त्याला निर्दोष ठरवणारा कागद त्याच्या घरी पोहोचला, तो पोहोचला नाही.

मालेगावच्या २००६ च्या प्रकरणात ही जवळची वाट आणखी उघडी पडली. शबे बरातचा जुमा, कब्रस्तानात दुआ मागायला आलेली गर्दी, सायकलींवर ठेवलेले बाँब, तीसहून अधिक बळी. आणि पकडले कोण? नऊ मुसलमान. मुसलमानांनीच आपल्या कब्रस्तानात शबे बरातला बाँब ठेवला, ही कथा दोषारोपपत्रात गेली. त्यांतला एक जण स्फोटाच्या आधीपासून पोलिसांच्याच ताब्यात होता. दुसरा त्या दिवशी चारशे किलोमीटरहून दूर यवतमाळ जिल्ह्यात होता. या दोन गोष्टी तपासायला कोणतीही प्रयोगशाळा लागत नव्हती. पाच वर्षांनी जामीन मिळाला, आणि २५ एप्रिल २०१६ रोजी विशेष न्यायालयाने त्यांना दोषमुक्त केले. तोवर त्यांच्यातला एक जण अल्लाहला प्यारा झाला होता. एनआयएने नंतर चार वेगळ्याच माणसांवर दोषारोपपत्र ठेवले.

हे फक्त थकव्याने होते असे आम्ही म्हणणार नाही. त्याच २०१९ च्या पाहणीत दर दोन पोलिसांपैकी एकाचे मत पडले होते की मुसलमान स्वभावतःच हिंसेकडे झुकणारे असतात. मनात असा साचा तयार असला की तपास पुराव्याकडून माणसाकडे जात नाही, माणूस आधी ठरतो आणि मग पुरावा शोधला जातो. देशाच्या तुरुंगांत सुमारे तीन चतुर्थांश कैदी कच्चे कैदी आहेत, आणि त्यांत मुसलमानांचे प्रमाण त्यांच्या लोकसंख्येतल्या वाट्याहून जास्त आहे. राजकीय दबाव वेगळाच. पाहणीत २८ टक्के पोलिसांनी गुन्ह्याच्या तपासातला सर्वांत मोठा अडथळा म्हणून पुढाऱ्यांच्या दबावाचे नाव घेतले. आम्हाला यातला आशेचा भाग असा वाटतो की ते त्यांनी सांगितले.

आता आपल्या अंगणात पाहू. सूरह निसामध्ये काही आयती एका चोरीच्या निमित्ताने उतरल्या. तफ्सीरकार सांगतात की मदीन्यात अन्सारांपैकी तुअमा नावाच्या माणसाने एक चिलखत चोरले आणि पिठाच्या थैलीत लपवले. थैलीला भोक होते. पीठ सांडत गेले आणि माग एका यहुद्याच्या घरापर्यंत पोहोचला, कारण चिलखत त्याच्याकडे ठेवायला दिले होते. तुअमाच्या भाऊबंदांनी प्रेषित मुहम्मद (स.) यांच्याकडे येऊन आपल्या माणसाची बाजू लावून धरली. समोर पिठाचा माग होता, वस्तू यहुद्याच्या घरात सापडली होती, आणि साक्ष द्यायला सारी जमात होती. वह्य आली ती त्या यहुद्याला निर्दोष ठरवणारी. स्वतः गुन्हा करून तो निरपराधाच्या माथी मारणाऱ्यावर तिथे सक्त शब्द आले आहेत. आम्हाला या प्रसंगात भाऊबंदांची भूमिका फार बोचते. ‘आपला आहे ना, मग सुटला पाहिजे’ आणि ‘त्यांचा आहे ना, मग केलेच असेल’, ही वाक्ये २०२५ च्या जुलैत आपल्याही दिवाणखान्यांत बोलली गेली.

सूरह यूसुफ घरोघर पढली जाते, पण तिच्यातले सदरे कोणी मोजत नाही. पहिला सदरा भाऊ घेऊन आले, त्यावर खोटे रक्त होते. तफ्सीरांत येते की हजरत याकूब (अ.) यांनी पाहिले की सदरा कुठेच फाटलेला नाही, मग लांडगा कसला? दुसरा सदरा हजरत यूसुफ (अ.) यांच्यावर आळ आला तेव्हाचा. घरातल्याच एका माणसाने सुचवले की तो पुढून फाटला आहे की मागून ते पाहा. मागून फाटलेला निघाला आणि आळ घेणारी खोटी ठरली. एका वस्तूवर बनावट पुरावा लावलेला, दुसरीवर खरा पुरावा आपोआप राहिलेला. दोन्ही वेळा वस्तू शांतपणे पाहणारा माणूस लागला. (तिसऱ्या सदऱ्याने हजरत याकूब (अ.) यांची दृष्टी परत आली, पण तो आजचा विषय नाही.)

तपास बिघडला की सारे संपले, असेही नाही. बिल्किस बानो यांचे प्रकरण आठवा. मार्च २००२ मध्ये गुजरातच्या दाहोद जिल्ह्यात त्यांच्यावर अत्याचार झाला, त्यांच्या लहान मुलीसह घरची चौदा माणसे मारली गेली. स्थानिक पोलिसांनी पुरावा नाही म्हणून प्रकरण बंद केले. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने सीबीआय आली ती घटनेनंतर जवळजवळ दोन वर्षांनी. अधिकाऱ्यांनी पुरलेले अवशेष उकरून काढले, तेव्हा त्यात मीठ घातलेले आढळले, लवकर कुजावे म्हणून. खटला मुंबईत आणला गेला. २१ जानेवारी २००८ रोजी अकरा जणांना जन्मठेप झाली, आणि मे २०१७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने पुरावा दडपणारे पोलीस आणि डॉक्टरही दोषी ठरवले. पुढे शिक्षेत मिळालेली सूट ८ जानेवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली. पहिल्या पोलिसांनी सर्व काही बिघडवून ठेवले होते. तरी मन लावून खणणारे अधिकारी मिळाले, आणि एक बाई आपल्या जबाबावर ठाम राहिली. आम्ही पोलिसांवर टीका करतो तेव्हा हे अधिकारीही पोलीसच होते याची आठवण ठेवतो.

१ जुलै २०२४ पासून नवे फौजदारी कायदे लागू झाले आहेत. त्यांच्यावर आमचे आक्षेप पुष्कळ आहेत, ते पुन्हा कधी. तपासापुरते काही कलम आपल्या कामाचे आहे. सात वर्षे किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैज्ञानिक तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावा गोळा करायचा आहे. त्याची अंमलबजावणी करायला राज्यांना पाच वर्षांपर्यंतची मुदत आहे, म्हणजे तज्ज्ञ कुठून आणणार हा प्रश्न कायदा करणाऱ्यांनाही पडलेला होता. झडती आणि जप्तीचे चित्रीकरण आता सक्तीचे आहे. घरात पोलीस आले तर घाबरून आरडाओरड करण्यापेक्षा शांतपणे विचारा, ‘साहेब, रेकॉर्डिंग चालू आहे ना?’ प्रामाणिक अधिकाऱ्याला हा प्रश्न आवडतो, कारण उद्या कोर्टात तेच चित्रीकरण त्याला वाचवते.

जबाब द्यायचा झाला तर स्त्रिया, पंधरा वर्षांखालची मुले आणि साठीपुढची माणसे यांना ठाण्यात बोलावता येत नाही, अधिकाऱ्याने घरी यायचे असते. अम्मीला किंवा बहिणीला ‘दोन मिनिटे ठाण्यात येऊन जा’ असे सांगितले तर ही गोष्ट नम्रपणे लक्षात आणून द्यावी. पोलिसांनी तपासात लिहून घेतलेल्या साक्षीदाराच्या जबाबावर साक्षीदाराची सही घ्यायची नसते. कोऱ्या कागदावर तर कोणीच सही करू नये, मग समोरचा साहेब कितीही ओळखीचा असो. जे पाहिले तेच सांगा, जे ऐकले ते ऐकले म्हणून सांगा, आणि जे आठवत नाही ते आठवत नाही म्हणा. अधिकाऱ्याला खूश करण्यासाठी घातलेला एक जादा शब्द पाच वर्षांनी सारा जबाब पाडतो.

फिर्याद दिली असेल तर एफआयआरची प्रत मोफत मिळते, ती त्याच दिवशी मागून घ्या. त्यानंतर नव्वद दिवसांच्या आत तपास कुठवर आला हे फिर्यादीला किंवा पीडिताला कळवण्याची जबाबदारी पोलिसांवर आहे, मोबाइलवर कळवले तरी चालते. घरात नमाजच्या वेळापत्रकाचे जे कॅलेंडर टांगलेले असते, त्यावर ती तारीख लिहून ठेवा. तोवर निरोप आला नाही तर लेखी अर्ज घेऊन ठाण्यात जा, आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच म्हणून शिक्का मारून घ्या.